उंबरमाळचा टॉवर

"नेटवर्क म्हणजे काय ते तुम्ही मला शिकवू नका, गुरव," रणधीर सरनोबत म्हणाला आणि न विचारता माझ्या वाटीत आणखी तांबडा रस्सा ओतला. "टॉवर, वायरी, सिग्नल हे तुमचं नेटवर्क. आपलं नेटवर्क माणसांचं. वर मंत्रालयापासून खाली तलाठ्यापर्यंत. एक फोन टाकला की काम झालं म्हणून समजायचं."

"फोन लागतो इथून?" मी विचारलं.

"तेवढी एक अडचण आहे," तो म्हणाला. "म्हणून तर तुम्हाला आणलंय."

ही २००८ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मोबाइल कंपन्यांना टॉवरसाठी जागा शोधून देणाऱ्या कोल्हापुरातल्या एका कंत्राटी कंपनीत सर्व्हे इंजिनिअर होतो. सह्याद्रीतल्या त्या खोऱ्यात त्या वर्षी एकच टॉवर उभा राहणार होता आणि जागा दोन सुचवलेल्या होत्या. एक वर, उंबरमाळच्या सड्यावर. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळाचं पठार. त्याच्या आजूबाजूला सात धनगरवाडे होते आणि मधोमध एका खोलीचं आरोग्य उपकेंद्र. दुसरी जागा खाली खोलगटात, धरणाच्या पाण्याकडेला, सरनोबताच्या फार्महाउसच्या कुंपणाला लागून. तिथली लोकसंख्या म्हणजे सरनोबत, त्याचा स्वयंपाकी, दोन अल्सेशियन कुत्री आणि शनिवार-रविवारी येतील ते पाहुणे. यातली कुठली जागा योग्य, ते मी पाहून लिहायचं होतं.

सरनोबत एकदा, फक्त एकदा, जिल्हा परिषदेवर निवडून आला होता. त्या एका निवडीवर तो पुढची वीस वर्षं जगत होता. हॉलच्या भिंतीवर मोठमोठ्या माणसांबरोबरचे त्याचे फोटो होते. प्रत्येक फोटोत हा कडेला, आणि चौकटीबाहेर राहू नये म्हणून मान लांब करून मधल्या माणसाच्या खांद्यापर्यंत आणलेली. व्हिजिटिंग कार्डांचे तीन अल्बम होते. लोक लग्नाचे दाखवतात तसे त्याने ते मला पानं उलटून दाखवले.

त्याच्याकडे दोन मोबाइल होते आणि दोन्ही घरात मुके. त्यांच्यासाठी त्याने पांडबा नावाचा पन्नाशीचा गडी ठेवला होता. पांडबा दोन्ही फोन सदऱ्याच्या दोन खिशांत घालायचा, मोटरसायकलवर डोंगरातल्या खिंडीत जायचा, तिथे रेंज येते म्हणून दिवसभर बसायचा, आणि कुणाचा फोन आला की खाली येऊन सांगायचा. मंत्रालयापासून तलाठ्यापर्यंतचं ते सगळं नेटवर्क पांडबाच्या फटफटीवर चालत होतं.

"तिकोटकर सांगत होते," पान लावता लावता सरनोबत म्हणाला. तिकोटकर म्हणजे माझे साहेब. "तुम्हाला पुण्याला जायचंय म्हणे?"

"लग्न ठरलंय. ती तिकडे नोकरीला आहे."

"मग बोला ना! तुमच्या हेड ऑफिसात आपला माणूस आहे. हेच, हेच तर मी म्हणतो. नेटवर्क!"

मला त्या माणसाची शिसारी आली. मी वाटीतला रस्सा संपवला आणि हात धुवायला उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी यासीन ड्रायव्हरने मला जीपने खिंडीत सोडलं. निघताना सरनोबताने फाटकातूनच त्याला फर्मावलं, "साहेबांना सोड, तिथेच थांब आणि दोनला खाली ये. माझे पाहुणे आणायला जायचंय." यासीनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

खिंडीत भालेकर सिस्टर उभ्या होत्या. मंदाकिनी भालेकर, उंबरमाळ उपकेंद्राच्या नर्स. चाळिशी ओलांडलेली, काटक बाई. पांढरी साडी, पायात कापडी बूट, खांद्याला औषधांची पिशवी. मला घ्यायला त्या तासभर चालून आल्या होत्या.

"आतापर्यंत नुसते अर्जच वर गेले, साहेब," चालता चालता त्या म्हणाल्या. "माणूस वर आलेला तुम्ही पहिलेच."

"किती वर्षं आहात इथे?"

"अकरा. बदली मागायची तर अर्ज घेऊन खाली जायला हवं, आणि खाली गेले की इकडे कुणीतरी अडतं." त्या हसल्या. "राहून गेलं."

उपकेंद्राच्या भिंतीवर सरकारी तक्ता लावलेला होता. वर जाड अक्षरांत 'माता-बाल संदर्भ सेवा नेटवर्क', खाली रंगीत चौकोन आणि एका चौकोनातून दुसऱ्यात जाणारे बाण. गरोदर माता, मग उपकेंद्र, मग आरोग्य केंद्र, मग तालुक्याचं रुग्णालय.

"ट्रेनिंगला दिला," सिस्टर म्हणाल्या. "बाणावर बाण काढलेत. त्या बाणावरून बाईला उचलून न्यायची कुणी, ते विचारलं तर साहेबांना राग आला."

त्यांनी माझ्यासाठी वहीच्या पानावर सात वाड्यांची नावं लिहून ठेवली होती, प्रत्येकीपुढे माणसं किती आणि दिवस राहिलेल्या बाया किती. अक्षर शाळेतल्या मुलीसारखं, गोल. ते पान मी फाइलमध्ये घातलं.

मग आम्ही सड्यावर गेलो. आकाश धुतल्यासारखं होतं. मी दुर्बीण लावली आणि समोरच्या डोंगरावरचा आमचा जुना टॉवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांसकट दिसला. दोन टॉवर एकमेकांना दिसायला हवेत, मध्ये काही येता कामा नये. या कामात बाकी पुष्कळ असतं, पण मुद्दा तेवढाच. पठाराच्या टोकाला एका खडकावर चढलो तर माझ्या तपासणीच्या फोनवर रेंजची एक काडीही उमटली. याहून चांगली जागा मी आजतागायत पाहिलेली नाही.

"होईल ना?" सिस्टरनी विचारलं.

"न व्हायला काय झालं," मी म्हणालो.

त्याच वेळी पलीकडच्या डोंगराच्या धारेवरून हाळी आली. लांबट, दोन सुरांतली. ती संपते न संपते तोच जवळच्या वाडीतून दुसऱ्या कुणीतरी तीच हाळी उचलून आमच्याकडे फेकली. सिस्टर ऐकत उभ्या राहिल्या.

"झोऱ्याची सून," त्या म्हणाल्या. "चला. नाहीतर तुम्ही थांबा इथे." आणि पळायलाच लागल्या.

धुळू झोरेच्या घराशी पोहोचायला आम्हाला पाऊण तास लागला. धुळू अंगणात उभा होता, साठीचा, डोक्याला मुंडासं, हात नुसतेच उघडझाप करणारे. त्याचा मुलगा मेंढरं घेऊन देशावर गेलेला. सून भागी आत होती, पहाटेपासून. सिस्टर आत गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या.

"मूल आडवं आहे. हात बाहेर आलाय. मी काही करू शकत नाही, हिला तालुक्यालाच न्यायला पाहिजे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, तुमची जीप आहे ना खिंडीत?"

"आहे," मी म्हणालो. "पण दोनला सरनोबतसाहेबांकडे जायची आहे. विचारावं लागेल."

"मग विचारा. आम्ही हिला घेऊन निघतो, दीडपर्यंत खिंडीत येतो."

तेव्हा अकरा वाजत आले होते. मी परत सड्यावर धावलो, त्या खडकावर चढलो आणि सरनोबताचा नंबर लावला. अर्थातच पांडबाने उचलला. मी त्याला सगळं सांगितलं.

"आरं द्येवा," पांडबा म्हणाला. "जीप हितंच हाय माज्याम्होरं. पर सायबांस्नी इचारून येतू. तुमी फोन धरून ऱ्हावा."

खाली जाऊन परत यायला त्याला चाळीस मिनिटं लागली. ती चाळीस मिनिटं मी खडकावर बसून होतो. खालून माणसांचे आवाज येत होते. धुळूने हाळी दिली होती आणि धारेधारेवरून माणसं उतरत होती. कुणी गुरं सोडून, कुणी हातातला कोयता तसाच घेऊन. बांबूला घोंगडी बांधून डोली केली गेली. चार जण खांदा देणार, पुढच्या धारेवर दुसरे चार तयार उभे. त्यांना कुणी फोन केला नव्हता, तक्ता दाखवला नव्हता.

फोन वाजला.

"सायेब म्हनले," पांडबा धापा टाकत होता, "जीप न्हाई जमायची, पावनं लई मोठं हाईत. पर काळजी करू नगा म्हनले. दवाखान्यात त्येंचं नेटवर्क हाय. ॲम्ब्युलन्स लावून देत्यात खिंडीत. माज्याकडनंच फोन करवला त्येनी, म्हंजी मीच केला, सायबांचं नाव सांगून."

"काय म्हणाले दवाखान्यात?"

"कोन सरनोबत, म्हनले."

डोली दीडला नाही, सव्वाला खिंडीत आली. जीप गेलेली होती. सरनोबताने वेळ अलीकडे घेतली होती, एवढंच पांडबाला माहीत होतं. तो बिचारा दोन्ही फोन हातात धरून उभा होता आणि डोलीकडे बघायचं टाळत होता. सिस्टरनी त्याच्याकडून फोन घेऊन रुग्णालयात स्वतः विचारलं. गाडी होती, चालक रजेवर होता. तरी सव्वादोनपर्यंत थांबलो, न जाणो म्हणून. मग सिस्टर म्हणाल्या, "उचला."

डांबरी रस्त्याने आम्ही उतरायला लागलो. तालुका अठ्ठावीस किलोमीटर. मी सिस्टरची पिशवी घेतली होती, कारण त्यांचे दोन्ही हात भागीपाशी होते. भागी आधी ओरडत होती. मग नुसती कण्हायला लागली, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं.

चौथ्या-पाचव्या वळणावर खालून जीप आली. यासीनने आम्हाला पाहून करकचून ब्रेक लावला. पुढे सरनोबत बसला होता, मागे तीन पाहुणे आणि त्यांच्या मांडीवर मिठाईचे खोके. सरनोबताने काच खाली केली.

"अरेरे! अजून गाडी आली नाही? मी सांगितलं होतं त्यांना! बघून घेतो त्या डॉक्टरकडे." मग मागे वळून पाहुण्यांना म्हणाला, "बघा, हे असं आहे इकडे. म्हणून आपण टॉवर आणतोय." आणि खिशातून कार्ड काढून त्याने ते सिस्टरपुढे धरलं. "हे दाखवा तिथे. माझं नाव सांगा. रांगेत थांबवणार नाहीत."

सिस्टरनी हात पुढे केला नाही. कार्ड हवेतच राहिलं. यासीन आरशातून माझ्याकडे बघत होता. धुळू झोरे डोलीचा बांबू खांद्यावर घेऊन माझ्याकडेच बघत होता.

मी पुढे होऊन कार्ड घेतलं.

काच वर गेली, जीप गेली. पुढे दोन तासांनी एक दुधाचा टेम्पो भेटला. त्याच्या माणसाने न बोलता रिकामे कॅन रस्त्याकडेला उतरवले आणि भागीला आत घेतलं. दिवस बुडता बुडता आम्ही रुग्णालयात पोहोचलो. भागी वाचली. मूल नाही. मुलगा होता, पुऱ्या दिवसांचा. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन तास आधी आणायला हवं होतं. वाईट वाटून म्हणाले, दोष द्यायला नाही.

सिस्टर बाहेर पायरीवर बसल्या होत्या. साडीला रक्त लागलेलं. मी पिशवी त्यांच्याजवळ ठेवली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हे लिहा तुमच्या कागदात. जसं झालं तसं लिहा."

"लिहितो," मी म्हणालो.

एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. इतकी वर्षं कुणालाच सांगितलेली नाही.

ती जीप सरनोबताची नव्हती. कंपनीने चार दिवसांसाठी माझ्या नावावर घेतली होती. लॉगबुकात रोज माझी सही व्हायची. यासीनला हुकूम द्यायचा अधिकार त्या खोऱ्यात फक्त मला होता. सरनोबताने पहिल्या दिवसापासून ती आपली असल्यासारखी वापरली आणि मी त्याला वापरू दिली. आणि खडकावरून मी फोन केला तेव्हा, पांडबा खाली जायला निघण्याआधी, यासीनने त्याच्या हातातून फोन घेतला होता.

"गुरवसाब," यासीन म्हणाला होता, "तुम्ही फक्त सांगा. मी जीप हलवत नाही. तो कोण लागतो?"

मी म्हणालो होतो, "थांब जरा. त्यांना विचारू दे."

मला काय वाटत होतं ते चांगलं आठवतं. या माणसाला दुखवलं तर पुणं जाईल, एवढंच वाटत होतं. आदल्या दिवशी ज्याची शिसारी आली, त्याच्या परवानगीसाठी मी चाळीस मिनिटं फोन धरून बसलो, आणि शिसारी तशीच होती. मला वाटायचं, एखाद्याचा मनातून तिरस्कार केला की आपण त्याच्याहून वेगळे ठरतो. तिरस्कार करायला काहीच लागत नाही. तो करता करता माणूस त्याच्याच पंगतीला बसून जेवू शकतो.

कोल्हापुरात आल्यावर तिसऱ्या दिवशी मी अहवाल भरला. उंबरमाळच्या जागेपुढे एक रकाना होता: समोरच्या टॉवरशी थेट दृष्टिरेषा आहे काय? मी लिहिलं, 'नाही. दाट झाडी व धुके.' त्या सड्यावर गुडघ्याला लागेल एवढं झुडूप नव्हतं. तिकोटकरांनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली. सिस्टरच्या वहीचं पान फाइलमध्ये होतं. ते मी काढून ठेवलं. कुठे ठेवलं ते आठवत नाही.

मग कार्डावरच्या नंबरवर फोन लावला. पांडबाने उचलला. म्हणाला, निरोप देतो. फेब्रुवारीत माझी पुण्याला बदली झाली, मे महिन्यात लग्न. टॉवर कुंपणाला लागून उभा राहिला. ते खोलगट असल्यामुळे तो दुप्पट उंच बांधावा लागला, तरी रेंज खिंडीच्या पलीकडे गेली नाही. सरनोबताचे दोन्ही फोन घरात वाजायला लागले. पांडबाची गरज संपली, त्याला काढून टाकलं, असं नंतर कुणीतरी सांगितलं.

गेल्या वर्षी, मार्चमध्ये, दुपारी मी ऑफिसात होतो. आता मला केबिन आहे. अनोळखी नंबर.

"गुरवसाहेब का? मी भालेकर सिस्टर, उंबरमाळच्या. ओळखलंत?"

मी उभा राहिलो. का उठलो कुणास ठाऊक.

"नंबर तुमच्या कंपनीतून मिळवला, फार विचारपूस करावी लागली," त्या सांगत होत्या. "मी मागच्या महिन्यात रिटायर झाले. पण आज मुद्दाम आलेय वर. साहेब, टॉवर झाला! सरकारी योजनेतून, सड्यावरच. तुम्ही दाखवलेल्या जागेवर, त्या खडकाच्या बाजूला. आज सुरू झाला. मी म्हटलं, पहिला फोन गुरवसाहेबांना. ऐकू येतंय ना?"

"येतंय," मी म्हणालो. "स्पष्ट येतंय."

खरंच स्पष्ट येत होतं. त्यांच्या मागचा वारा येत होता, कुणाच्या तरी बांगड्या वाजलेल्या येत होत्या, लांब कुठेतरी एक मेंढरू ओरडलं तेही आलं.

"तुम्ही तेव्हा चांगलंच लिहिलं असणार," सिस्टर म्हणाल्या. "वरच्यांनी फिरवलं. मी सगळ्यांना तेच सांगत आले. म्हटलं, तो माणूस माझी पिशवी उचलून डोलीमागे चालला होता, तो खोटं कशाला लिहील?"

मी खुर्चीची पाठ धरली.

"हो सिस्टर," मी म्हणालो. "वरच्यांनीच फिरवलं."

"वाटलंच मला. थांबा हं, धुळू झोरे इथेच बसलाय. थकलाय आता, दिसत नाही त्याला नीट. पण तुमचं नाव काढलं तशी ओळख पटली. त्याला बोलायचंय तुमच्याशी. धुळबा, हा घे, असा कानाला लाव. बोल."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग म्हाताऱ्याचा श्वास, अगदी कानाशी.

"सायेब," तो म्हणाला. "बराय न्हवं?"

"हॅलो," मी म्हणालो. "हॅलो? आवाज तुटतोय. नेटवर्क नाही वाटतं तुमच्याकडे."

"मला येतुया की आयकू, सायेब," धुळू म्हणाला. "समदं येतुया."

मी फोन ठेवला.